बिनरेघेची झेरॉक्स

साहेब, तुम्ही स्वच्छ कागदाला खोटं ठरवलंत. हा माझा आरोप आहे, आणि तो मी सकाळचा चहा पिऊन, डोकं ठिकाणावर असताना, स्वतःच्या हातानं लिहितोय. तुमचं नाव मी लिहीत नाही. कार्यालयाचंही लिहीत नाही, कारण माझं टेबल तुमच्याच फाटकाबाहेर लिंबाखाली आहे आणि त्या लिंबाची फांदी कधी तोडायची हे तुमच्याच हातात आहे. पण खिडकी नंबर चारच्या आत, पंख्याच्या बरोबर खाली, बसणारा माणूस एकच. हे वाचताना ज्याचे कान तापतील त्यानं काय ते समजून घ्यावं.

मी बजरंग. लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववी पास. दहावीला मला गणितानं अडवलं, मराठीनं नाही, याची नोंद घ्यावी. माझ्या एका अर्जावर एका वस्तीचा हातपंप बदलला, दुसऱ्या एका अर्जावर ग्रामसेवक बदलला. नवा ग्रामसेवक जुन्या हातपंपापेक्षा वाईट निघाला, पण तो दोष अर्जाचा नाही.

आता रेघेवर येतो. तुमच्या कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान एकच, विजयसिंहचं. त्याच्या मशीनच्या आतल्या ड्रमला ओरखडा पडलेला. त्यामुळं तिथून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर उजव्या कडेपासून दोन बोटं आत, वरून खाली, एक काळी रेघ यायची. अकरा वर्षं यायची. या अकरा वर्षांत तालुक्यात जन्मलेल्या, शाळेत गेलेल्या, लग्न केलेल्या आणि मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कागदावर ती रेघ आहे. लोकांना वाटायचं ती सरकारनंच आखून दिलीय. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, "बजरंगा, आंगठा रेघंच्या अल्याड उठवू का पल्याड?"

मी तीही सोसली असती. पण दिवाळीच्या आधी मी रस्त्याबद्दल एक अर्ज लिहिला. तीन पानं. त्यातलं एक वाक्य इथं पुन्हा देतो, कारण ते कुणालाच नीट वाचायला मिळालेलं नाही: 'हा रस्ता नसून जनतेच्या कंबरेवर उगवलेला सूड आहे.' हे वाक्य मला शेळीची धार काढताना सुचलं होतं. मूळ अर्ज तुमच्या आवक-जावकमध्ये गेला आणि झेरॉक्स वरच्या साहेबांकडे. रेघ बरोबर 'सूड' या शब्दावरून गेली. वरच्या साहेबांनी मला बोलावून सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "जनतेच्या कंबरेवर काय उगवलंय म्हणता?"

शिपाई हसला. शिपाई, साहेब! ज्याच्या रजेचे अर्ज मी लिहून देतो तो शिपाई!

मी तसाच विजयसिंहच्या दुकानात गेलो. म्हणालो, "ड्रम बदल."

"रेघ काय तुझ्या घरी जेवायला येती का बे?" तो म्हणाला. "अकरा वर्षांत एक गिऱ्हाईक बोललं न्हाई."

"तिनं माझा शब्द खाल्ला."

"मग दोन बोटं सोडून लिहीत जा. एवढंच टोचायलंय तर घे की सोताचं मशीन."

"घेतो," मी म्हणालो.

माणसानं रागात 'घेतो' म्हणू नये. दुकानातून बाहेर पडलं की घर येतं, आणि घरात रोहिणी असते. रोहिणी माझी बायको. तिनं एकच प्रश्न विचारला, "ठिवायचं कुठं?"

आमच्या बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे, फ्रिज आहे, गव्हाची लोखंडी कोठी आहे आणि मी आहे. यातलं हलवता येण्यासारखं एकच आहे, असं तिचं मत आहे. तरीपण तिनं मन मोठं केलं आणि कोठीच्या झाकणावरची जागा दिली. सुतळी घेतली, झाकणावर आडवी ताणून एक गाठ मारली, उभी ताणून दुसरी मारली, आणि माझ्या हातात दिली. "ह्या गाठीतून ह्या गाठीत बसलं तर आणा. न्हाई बसलं तर तिकडंच त्याच्यासंगं ऱ्हावा. आन् मला एकटीला उचलता आलं पाह्यजे. गहू काढायचा म्हणलं की ते खाली उतरावं लागंल."

म्हणजे माझ्या यंत्राची लांबी, रुंदी आणि वजन तिनं ठरवलं. उरलेलं सगळं ठरवायला गल्ली होतीच.

शेजारी शहादेवची पिठाची गिरणी आहे. मशीन या विषयावर या भागात अंतिम शब्द त्याचाच, असं तोच सांगतो. तो म्हणाला, "शाईचं घेऊ नको. तू चार दिस सोयऱ्याकडं गेलास की शाई आत वाळून दगड होती. भुकटीचं घे. भुकटी म्हंजे शेवटी पीठच की. आन् पिठाचं मला कळतं." गुरुजी म्हणाले कंपनी बघा. मेडिकलवाला म्हणाला कंपनी बघू नका, दुरुस्तीवाला किती लांब आहे ते बघा. एक जण म्हणाला रंगीत घ्या, आधार कार्डावरचा माणूस जिवंत वाटतो. घाटनांदूरच्या मेहुण्याचा फोन आला, "दाजी, मोबाईलवरून चालणारं घ्या. मी इकडून बटण दाबलं की तुमच्या घरी कागद निघंल." माझ्या घरात घाटनांदूरहून कुणी बटण दाबावं हे मला मान्य नव्हतं. मी फोन ठेवला.

एवढे शहाणे, साहेब. पण झाकण किती वर उघडतं ते बघ, असं एकानंही सांगितलं नाही.

चौसाळ्याला हायवेवर दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदार शिकलेला. त्यानं विचारलं, महिन्याला पानं किती काढता, काच मोठी पाहिजे की छोटी, कागद एकेक घालणार की गठ्ठा. मी खिशातून सुतळी काढली. मी एकामागून एक मशीनला सुतळी लावत गेलो. पाचवं गाठीतून गाठीत बसलं. एवढुसं, पांढरंशुभ्र, भाकरीच्या टोपल्याएवढं. मी ते उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. दुकानदार म्हणाला, "काका, झेरॉक्स घ्यायलाव का वासरू?" ज्याला कोठीतून गहू काढावा लागत नाही त्याला हे कळणार नाही.

घरी आणून कोठीवर ठेवलं. बरोबर बसलं. रोहिणीनं गाठी तपासल्या आणि मान हलवली. मग मी कागद ठेवण्यासाठी झाकण उघडलं. कोठीच्या वर देवांची फळी आहे. झाकणानं फळीला असा टोला दिला की अन्नपूर्णा सरळ शिलाई मशीनच्या पायडलवर गेली आणि बाळकृष्ण कोठीमागं पडला. रोहिणी काही बोलली नाही. तिनं फक्त कोठीमागं हात घातला आणि माझ्याकडं बघत राहिली. साहेब, बोललेलं परवडतं.

देव आता फ्रिजवर आहेत. फ्रिज सुरू झाला की सगळे एकदम थरथरतात. कागद बाहेर पडायची पट्टी ओढली की ती वीतभर पुढं येते, ती सुतळीत धरलेलीच नव्हती, त्यामुळं मधलं दार निम्मंच उघडतं आणि मी आडवा होऊन स्वयंपाकघरात जातो. मशीन छोटं तशी काचही छोटी. अर्जाचे लांब कागद तिच्यावर मावत नाहीत. पहिली झेरॉक्स मी माझ्याच रस्त्याच्या अर्जाची, घरी ठेवलेल्या हातच्या नकलेवरून काढली, तर शेवटच्या चार ओळी आणि सही काचेबाहेर राहिली. अर्ज आला, मी आलो नाही. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे शहादेवची गिरणी. तिची मोटर सुरू झाली की गल्लीतला विजेचा दाब बसतो आणि माझं यंत्र कागद अर्धा तोंडात धरून मरतं. शहादेव म्हणतो, "माझं मशीन तुझ्यापरीस जुनं हाय. सिनियारिटी बघ."

पण ती प्रत, साहेब! शेवट तुटलेली का होईना. तिच्यावर रेघ नव्हती. 'सूड' हा शब्द त्याच्या पूर्ण उकारासह उभा होता. मी ती प्रत भिंतीला चिकटवली आणि पाहुण्यासारखा तिच्यासमोर बसलो.

इथवर नुकसान माझं एकट्याचं होतं. इथून पुढं तुम्ही येता.

बुधवारी चतुराबाई आली. मी तिला मावशी म्हणतो. गावाबाहेर माळाला मेंढरांचं वाडगं आहे तिथल्या म्हाळूची ही आई. म्हाळूची मेंढरं शनिवारी पहाटे गोदाकाठाला निघणार होती, दरसालसारखी. सोबत नात होती, म्हाळूची मुलगी बबिता, सहावीतली. बबिता दरसाल निम्मी शाळा इथं करते आणि निम्मी मेंढरांमागं बुडवते. यंदा बाहेर जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी वसतिगृहाचे फॉर्म निघाले. जागा मिळाली तर बबिता मागं राहून शिकणार. नाही मिळाली तर शनिवारी घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर बबिता. फॉर्मची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. जोडायचे कागद पाच.

मावशीनं दुधाच्या रिकाम्या पिशवीतून कागद काढले. मी झाकण उघडलं, एकेक ठेवला, पाच प्रती काढल्या. मावशीला वाचता येत नाही, पण तिनं त्या हातावर धरून पाहिल्या आणि म्हणाली, "कागुद धुतल्यावानी दिसायलाय की, बजरंगा."

बबितानं जन्माचा दाखला घेतला. "आज्जे, माझं नाव सगळं दिसायलंय. शाळंतल्या झेरॉक्सात 'ता' वर रेघ हाय."

हा माझ्या यंत्राला मिळालेला पहिला अभिप्राय. मी तो वहीत लिहून ठेवलाय.

गुरुवारी सव्वाअकराला मावशी परत माझ्या टेबलाशी. फॉर्म हातात, तोंड उतरलेलं. "घेत न्हाईत. कावून ते सांगत न्हाईत. तू चल." मी तुमच्या खिडकीशी आलो. आपलं जे बोलणं झालं ते मी शब्दाला शब्द लिहितो. चूक असेल तर तसं लेखी कळवा.

तुम्ही म्हणालात, "या प्रती शंकास्पद आहेत."

"कशावरनं?"

"रेघ नाही."

"रेघ नाही हे चांगलंच झालं ना, साहेब?"

"ओ अर्जवाले, झेरॉक्सला रेघ असते." तुम्ही कपाटातून गठ्ठा काढलात आणि पत्त्यांसारखा माझ्यासमोर पसरलात. "शंभर फॉर्म आलेत. शंभरला आहे. यांच्या एकट्यालाच नाही. मग खोटं कोण? शंभर का एक?"

"मूळ कागद हे घ्या. ताडून बघा."

"मूळ बघायचं टेबल तीन नंबरचं. ते रजेवर. सोमवारी येतील."

"मुदत शुक्रवारी संपते."

"म्हणून तर मी रेघ बघतो. मागं एकानं संगणकावर बनवलेले दाखले जोडले होते, लई ताप झाला. तेव्हापासून माझा नियम आहे. समोरचा विजयसिंह मूळ कागद बघितल्याशिवाय झेरॉक्स काढत नाही. रेघ आली म्हणजे त्यानं मूळ बघितलं. त्यानं बघितलं म्हणजे मी बघितलं."

साहेब, सोळा वर्षं मी अर्ज लिहितोय, पण इतकं घट्ट विणलेलं काही मला आजवर जमलेलं नाही. उसवायला टोकच सापडेना. बोलली ती चतुराबाई. तिनं बबिताला खांद्याला धरून खिडकीपुढं केलं. "सायेब, कागुद त्योच हाय. पोरगी बी हीच हाय. हिच्यावर बी रेघ न्हाई. ही बी डुप्लिकेट का?"

"बाई, मागच्यांना येऊ द्या," तुम्ही म्हणालात, आणि लाल पेनानं पाचही प्रतींवर लिहिलंत: 'रेघ नाही. शंकास्पद.' खाली सही केलीत. तारीख टाकलीत. या पाच प्रती मी जपून ठेवल्या आहेत. त्या पुढं लागणार आहेत.

आता माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड पाऊल सांगतो. मी रस्ता ओलांडला आणि विजयसिंहच्या दुकानात गेलो. पोरीच्या शाळेपुढं माझा स्वाभिमान केवढा? गिळायचा आणि म्हणायचं, बाबा, दे तुझी रेघ.

दुकानात उदबत्तीचा वास होता. काउंटरवर नवं कोरं मशीन, त्याला झेंडूचा हार, वर हळदीकुंकू.

"ये बे बजरंग!" विजयसिंह ओरडला. "तू गावभर माझ्या रेघंची बदनामी केलीस. म्हणलं, ह्याला एकदा दाखवूच. घे, ही प्रत. काढ रेघ हुडकून. हुडक!"

मी प्रत पाहिली. आरशासारखी. "जुनं मशीन कुठंय?" मी विचारलं.

"सकाळीच भंगारात घातलं."

मी त्याला तुमच्या खिडकीवरचा नियम सांगितला. आधी तो हसला. मग दुकानाबाहेर कालवा झाला. सकाळपासून त्यानं ज्यांना आरशासारख्या प्रती दिल्या होत्या ते सगळे फॉर्म हातात धरून परत आले होते. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी माणसं, शिरूर कासारकडची, आमच्या आसपासची. त्यांच्या गाड्या भरून उभ्या होत्या, पोरांची अंथरुणं वेगळी बांधून ठेवलेली होती. एक बाई ओरडली, "इतकी वर्सं रेघ देत होता, आन् आमच्याच येळंला संपली व्हय?" विजयसिंह हार घातलेल्या मशीनआड गेला.

गुरुवार दुपारपासून या तालुक्यात रेघ शिल्लक नव्हती, साहेब. आणि ती माझ्यामुळं संपली होती. मी टोमणा मारला नसता तर त्यानं मशीन बदललं नसतं. हे मला विजयसिंहनं सांगितलं, शहादेवनं सांगितलं, आणि रोहिणीनं न बोलता सांगितलं.

दुपारी मी पट्टी घेतली, काळं स्केचपेन घेतलं आणि मावशीच्या नव्या पाच प्रतींवर उजवीकडून दोन बोटं सोडून रेघ ओढली. शाळेत भूमितीत इतकी सरळ आली असती तर आज मी दहावी असतो. चार वाजता खिडकीवर दिली. तुम्ही अंगठ्याला थुंकी लावलीत आणि रेघ घासलीत. ती जन्मतारखेवर पसरली. "मला शिकवता का?" तुम्ही म्हणालात.

शुक्रवार उजाडला. बबिता माझ्या कोठीशेजारी बसली होती. रडत नव्हती. तिनं दप्तर आणलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून मांडीवर धरलं होतं. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बजरंगा. नशिबाला तरास नको. चालली तर चालली मेंढरामागं. आमी काय मेलाव का?"

"मावशी, रेघ मशीनच्या आतून आली पाहिजे. वरून ओढली तर पसरते."

"आत काय घालायचं मग?"

"काचेवर काहीतरी काळं, बारीक, सरळ."

मावशीनं खांद्यावरची घोंगडी ओढली, कडेचा एक काळा धागा दातानं तोडून काढला, मांडीवर वळून पीळ दिला आणि माझ्यापुढं धरला. "ह्यो बग. माझ्या काळ्या मेंढीचा हाय. तुटायचा न्हाई."

रोहिणीनं पिठाची खळ करून दिली. धागा काचेवर वरून खाली ताणला, दोन्ही टोकं चिकटवली, वर दाखला ठेवला, बटण दाबलं. रेघ आली! पण डावीकडं. कागद पालथा ठेवतो हे आम्ही दोघं नववी-बारावी मिळून विसरलो. रोहिणी बारावी आहे. धागा दुसऱ्या बाजूला लावला. शाळेतली जुनी प्रत शेजारी धरून बोटं मोजली. बटण दाबलं. कागद निम्मा बाहेर आला आणि यंत्र मेलं.

गिरणी.

मी आडवा होऊन दारातून बाहेर पडलो आणि ओरडलो, "शहादेव, बंद कर!"

"अर्धी पायली जवारी आत हाय बे!"

"पोरीची शाळा आत हाय!"

मग त्यानं खटका खाली ओढला. दळणाला आलेल्या बाया त्याच्यावर तुटून पडल्या. तो कोठीशेजारी येऊन उभा राहिला, निघालेली प्रत उजेडात धरली आणि म्हणाला, "रेघ झ्याक आलीय. भुकटीचं घे म्हणलो नव्हतो मी?" त्या दिवशी पाच वाजेपर्यंत त्यानं गिरणी लावली नाही. हे मी त्याच्याबद्दल पहिल्यांदाच चांगलं लिहितोय.

बातमी कशी फुटली माहीत नाही. दोन वाजेपर्यंत माझ्या दारात रांग लागली. रोहिणी रांगेतल्यांचे मूळ कागद एकेक बघून आत देत होती. तुमचं टेबल नंबर तीन त्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर बसलं होतं. बबिता प्रती लावत होती. एकंदर त्रेचाळीस फॉर्म झाले. विजयसिंहनं स्वतःच्या दुकानातून कोऱ्या कागदांचे गठ्ठे पाठवले, हेही लिहिलं पाहिजे.

पावणेपाचला आम्ही खिडकीवर. तुम्ही बबिताचा दाखला घेतलात. दोन बोटं ठेवून मोजलंत. अंगठ्याला थुंकी लावून घासलंत. पसरली नाही. शिक्का मारलात. आणि हसून म्हणालात, "आता कशी खरी झेरॉक्स आणली!"

घोंगडीचा धागा होता तो, साहेब. एका मेंढीच्या पाठीवरची लोकर तुम्ही मूळ कागद बघितल्याचा पुरावा म्हणून स्वीकारलीत.

मी तरीही गप्प बसलो असतो. शनिवारी पहाटे मेंढरं निघाली. वसतिगृह पुढच्या आठवड्यात उघडणार म्हणून बबिता आमच्याकडं राहिली. मूळ कागद दुधाच्या पिशवीत घालून मेंढरांमागं निघालेल्या मावशीजवळ दिले आणि जिवापाड जपा म्हणून मीच बजावलं. माझी अक्कल.

चौथ्या दिवशी तुमच्या फलकावर नोटीस लागली. वरच्या कार्यालयानं सगळा गठ्ठा परत पाठवलाय. नोटीस मी उतरवून घेतली आहे: 'सर्व प्रतींवर एकसारखी काळी रेघ असल्याने मजकूर अस्पष्ट व संशयास्पद आहे. पालकांनी स्वतः उपस्थित राहून सात दिवसांत रेघविरहित स्वच्छ प्रती सादर कराव्यात, अन्यथा अर्ज बाद समजण्यात येईल.'

पालकांनी स्वतः! पालक उसाच्या फडात आहेत, साहेब. म्हाळूचा फोन माळावर लागत नाही. वसतिगृह काढलंच कशासाठी? पालक इथं नसतात म्हणून. आणि आता त्याच वसतिगृहासाठी पालक इथं पाहिजेत.

मी घरी पळत आलो आणि त्या पाच प्रती काढल्या, पहिल्या, बुधवारच्या, धुतल्यासारख्या. घेऊन तुमच्यापुढं ठेवल्या. तुम्ही चष्मा वर केलात. "यावर शेरा आहे. शंकास्पद."

"शेरा तुमचाच आहे."

"म्हणूनच तर. माझा शेरा मीच कसा खोडू?"

सातपैकी पाच दिवस गेले. बबिता रोज सकाळी वेणी घालून दप्तर भरते आणि कोठीशेजारी बसते. यंत्रावरची धूळ फडक्यानं पुसते. काचेवर खळीचा एक ठिपका राहिला होता तो तिनं नखानं काढला. काल तिनं मला विचारलं, "मामा, रेघ असली तरी खोटं आन् नसली तरी खोटं, मग मी कशी आणू?" सोळा वर्षं लोकांच्या वतीनं सरकारला प्रश्न विचारणारा मी. मला उत्तर आलं नाही. रोहिणी आतून म्हणाली, "अहो, तुम्हाला येत न्हाई तर ज्यानं गोंधळ घातला त्याला लिहा."

म्हणून हा अर्ज. मला तुमची दिलगिरी नको, आणि माझ्या कंबरेवर काय उगवलंय याची चौकशीही नको. मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. रेघ पाहिजे का नको? पाहिजे असेल तर कोणत्या नियमानं, आणि नको असेल तर त्या पाच कागदांवरचा लाल शेरा कोण खोडणार, कोणत्या तारखेला, किती वाजता?

अर्ज दोन प्रतींत जोडलाय. एक रेघेची, एक बिनरेघेची. तुम्हाला जी खरी वाटते ती वाचा. बबिताचं नाव मी प्रत्येक ठिकाणी मुद्दाम ओळीच्या डाव्या टोकाला येईल असं लिहिलंय, म्हणजे कोणत्याच प्रतीत रेघ तिच्यावरून जाणार नाही.

उद्या अकरा वाजता मी खिडकी नंबर चारशी उभा असेन. बबिता सोबत असेल. उत्तर लेखी द्या. माझ्या हातात देऊ नका, तिच्या हातात द्या. ती सहावीत आहे, तिला वाचता येतं. काय उत्तर देता?